विद्यार्थ्याचे अन्न आणि पात्रतेचा प्रश्न : गुलमंडी ते नागसेनवन

२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहराच्या जुन्या वस्तीत गुलमंडी हे बाजाराचे मर्मस्थान होय. पैठण दरवाजाकडून टिळक पथाने निघालेला मनुष्य येथे येऊन पोहोचतो. नावात फुलांची मंडी असली तरी येथे कापड, भांडी, किराणा अशा सर्वच वस्तूंचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शेजारी औरंगपुऱ्यात १९१५ साली स्थापन झालेली सरस्वती भुवन ही संस्था आहे, आणि तिच्या आसपास पाठ्यपुस्तकांची दुकाने आहेत. गुलमंडीहून महमूद दरवाजाकडे गेले असता खाम नदीच्या काठी पाणचक्की लागते. नदी ओलांडली की नागसेनवन आणि मिलिंद महाविद्यालय, आणि त्याही पुढे डोंगराच्या पायथ्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. काही किलोमीटरांचा हा पट्टा पायी तुडवता येण्याजोगा आहे. विद्यार्थ्याला कोणी जेवू घालावे, आणि कोणत्या अटीवर, या प्रश्नाला गेल्या तीन शतकांत जी उत्तरे मिळाली त्यांतील बहुतेकांच्या खुणा या पट्ट्यात सापडतात.

शिक्षणाच्या इतिहासात अभ्यासक्रम, माध्यम, परीक्षा आणि फी यांचा विचार विस्ताराने झाला आहे. जेवणाचा विचार मात्र चरित्रे आणि आठवणी यांवर सोपवून अभ्यासक मोकळे झाले आहेत. गरिबीत शिकलेल्या थोर पुरुषाच्या चरित्रात उपाशी दिवसांचे एक प्रकरण असतेच. ते वाचून वाचकाचे मन द्रवते आणि प्रश्न तेथेच संपतो. वस्तुतः तो उपाशी का राहिला हे विचारावयास हवे. गावात धान्य नव्हते म्हणून, असे उत्तर क्वचितच मिळेल. अन्न शिजत होते, पंगत बसत होती. तो त्या पंगतीस पात्र नव्हता. म्हणून प्रस्तुत लेखात अन्नसाहाय्याचा विचार पात्रतेच्या अंगाने केला आहे. पात्रतेची रेषा कोणी आखली, ती कशी सरकली, आणि सरकताना तिच्याबाहेर कोण राहिले, हे पाहावयाचे आहे.

आरंभ पाणचक्कीपासून करणे योग्य. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील ही चक्की नहरीच्या पाण्याच्या जोरावर फिरे, आणि तिच्यावर दळलेले पीठ तेथे राहणाऱ्या फकिरांच्या, वाटसरूंच्या व आश्रितांच्या भाकरीस लागे. दर्ग्यास लागून मदरसा होता; ग्रंथसंग्रहही मोठा होता. आजचा प्रवासी ते पाण्याचे यंत्र कुतूहलाने पाहतो आणि निघून जातो. परंतु विद्यास्थान, ग्रंथालय आणि पीठ दळणारी चक्की ही तिन्ही एकाच आवारात असावीत, यात एक शहाणपण आहे. अध्ययन करणाऱ्याच्या भाकरीची तजवीज अध्ययनाच्या जागीच केलेली होती. ती धर्मादायाच्या आश्रयाने होती आणि त्या आश्रयाच्या मर्यादाही तिला होत्या, हे खरे. तरीही हे उदाहरण नजरेआड करून चालणार नाही, कारण पुढील काळात विद्यास्थान आणि स्वयंपाकघर यांची जी फारकत झाली ती भरून काढण्यास फार काळ लागला.

हिंदू समाजात, विशेषतः ब्राह्मण वस्तीत, ही तजवीज माधुकरीने आणि वारांनी होत असे. मुंज झालेला बटू मध्यान्हीच्या वेळी झोळी घेऊन ठरावीक घरी जाई आणि मिळालेले अन्न घेऊन येई, ही माधुकरी. त्याहून थोडी स्थिर व्यवस्था वारांची. आठवड्याचे सात वार सात घरी लावून घ्यावयाचे आणि ज्या दिवशी ज्या घरचा वार त्या दिवशी तेथे पानावर बसावयाचे. नाशिक, पैठण, पुणे, वाई येथे वेदाध्ययन करणारे विद्यार्थी या मार्गाने जगले, आणि इंग्रजी शाळा निघाल्यावर खेड्यांतून आलेल्या कित्येक गरीब मुलांनी याच मार्गाने मॅट्रिकपर्यंत मजल मारली. सातही वार लागणे हे भाग्य समजले जाई. एखादा वार रिकामा राहिला तर तो दिवस चुरमुऱ्यांवर किंवा पाण्यावर काढावा लागे, आणि घरी अशौच आले, यजमान परगावी गेले, किंवा गृहिणीची मर्जी फिरली की लागलेला वारही तुटे.

या पद्धतीचे पुष्कळ कौतुक झाले आहे, आणि ते सर्वस्वी अनाठायी नाही. एका मुलाचा भार सात घरांनी वाहावा आणि कोणावरही तो जड होऊ नये, ही कल्पना व्यवहारी आहे. तिला निधी लागत नाही, व्यवस्थापक लागत नाही, हिशेब लागत नाही. परंतु तिची पात्रता पाहा. जेवणारा ब्राह्मण हवा, मुलगा हवा, त्याची मुंज झालेली हवी, आणि पुष्कळ घरी तो पोटजातीचाही हवा. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नसे, कारण हवा तो दाखला मुलाच्या खांद्यावर जानव्याच्या रूपाने दिसतच असे. कुणब्याचा, माळ्याचा, महाराचा मुलगा त्याच गावी त्याच शाळेत शिकू लागला तेव्हा त्याला फीमध्ये सवलत मिळू शकली. वार मिळणे शक्य नव्हते. मुलीचा तर या व्यवस्थेत विचारच नव्हता. परगावी राहून शिकणारी मुलगी वारावर जेवली असे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेले नाही. अन्न देणे हे पुण्य असले म्हणजे ते कोणाला द्यावे हे पुण्य जोडणारा ठरवितो. यजमानाचा दोष म्हणून ही गोष्ट येथे सांगितलेली नाही. खाजगी दानाचा स्वभावच असा आहे.

ही रेषा प्रथम ठळकपणे मोडली गेली ती मराठवाड्याबाहेर. मराठवाडा त्या काळी निझामाच्या राज्यात होता आणि तेथे लोकसंस्थांना वाव अल्प होता. कोल्हापुरात मात्र राजाच या प्रश्नाला भिडला. शाहू छत्रपतींनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. नियमाने ते सर्वांसाठी खुले होते, परंतु कारभार आणि स्वयंपाकघर ज्यांच्या हाती होते त्यांच्याच जातीचे विद्यार्थी तेथे टिकले. या अनुभवावरून महाराजांनी जातवार वसतिगृहांचा मार्ग धरला. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले; त्याच सुमारास जैन वसतिगृह, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी मालिका सुरू झाली. जातवार वसतिगृहांनी जातिभेद पक्का केला, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी १८९६ च्या प्रयोगाचे काय झाले याचे उत्तर द्यावयास हवे. कागदावर सर्वांना पात्र ठरविणे आणि प्रत्यक्षात पानावर बसविणे यांतील अंतर महाराजांना त्या प्रयोगाने दाखवून दिले होते. निमंत्रण सर्वांना असले तरी पळी कोणाच्या हाती आहे हा प्रश्न उरतोच.

एकच चूल आणि सर्व जाती हा प्रयोग पुढे यशस्वी केला तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली; १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. येथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकत्र जेवत. गावोगावाहून मिळालेल्या मूठमूठ धान्यावर आणि मुलांच्या श्रमावर ती चूल पेटत असे. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणातही आले. पात्रतेच्या दृष्टीने हा मोठा पालट होय. जातीची अट गेली आणि तिच्या जागी श्रमाची अट आली. श्रमाची अट कोणालाही पुरी करता येते, निदान धडधाकट मुलाला. म्हणून ती त्या काळी मुक्तिदायक ठरली. पुढे विद्यापीठांनी ही योजना स्वीकारली, आपल्या विद्यापीठातही ती चालू आहे. मात्र साताऱ्याच्या मुलाने जे पिकविले ते त्याच्याच ताटात आले. योजनेचे कार्यालयीन कामात रूपांतर झाले तेव्हा श्रम राहिला, शेत आणि चूल यांचा संबंध तुटला.

सातारच्या वसतिगृहात धान्य संपले असता लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठी मोडले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिच्या जोडीला दुसरी हकीकत ठेवावयास हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह सुरू केले आणि नंतर इतर ठिकाणीही वसतिगृहे निघाली. धारवाडच्या वसतिगृहात सरकारी अनुदान वेळेवर न आल्याने मुले उपाशी आहेत असे रमाबाई आंबेडकरांना तेथील मुक्कामात कळले, तेव्हा त्यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असे सांगितले जाते. दोन्ही हकीकती त्यागाच्या म्हणून सांगितल्या जातात, आणि त्या तशा आहेतच. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र दुसऱ्या हकीकतीतील ‘अनुदान वेळेवर न आल्याने’ या शब्दांवर थोडे थांबावे. मुले पात्र होती, अनुदान मंजूर होते, तरीही चूल थंड होती. मंजुरी आणि भाकरी यांच्यामधला काळ कोणाच्या तरी अंगावरच्या सोन्याने भरून निघाला.

आता पुन्हा औरंगाबादकडे वळू. निझामी राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठरले, आणि औरंगाबादेस १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले. पदवीसाठी मराठवाड्यातील विद्यार्थ्याला हैदराबादेस जाणे भाग होते. म्हणजे उच्च शिक्षण हे मुळातच घराबाहेर जेवण्याचे शिक्षण होते. सरकारी वसतिगृहातील स्थान आज्ञाधारकतेवर अवलंबून होते, याचा प्रत्यय नोव्हेंबर १९३८ मध्ये आला. वसतिगृहांतील प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली, औरंगाबादच्या आणि नंतर उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि शेकडो विद्यार्थी काढले गेले. त्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. या लढ्याचे राजकीय महत्त्व सर्वमान्य आहे. परंतु खेड्यातून आलेल्या मुलाचे वसतिगृह सुटले म्हणजे त्याचे दोन वेळचे जेवण सुटले, ही बाजू क्वचितच नोंदली जाते. सक्तीचे साधन म्हणून वसतिगृहाचा उपयोग होऊ शकला याचे कारण तेच होते. पात्रता देणारी सत्ता ती काढूनही घेऊ शकते.

भारत सरकारने १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांनी आधीपासून केलेल्या मागणीचे हे फळ होते. स्वातंत्र्यानंतर लवकरच ही योजना अनुसूचित जमातींपर्यंत पोहोचली. या योजनेचा विशेष असा की तिच्यात फीबरोबर निर्वाह भत्त्याचीही तरतूद होती. विद्यार्थ्याला पोट असते, ही गोष्ट सरकारी दप्तरात प्रथमच दाखल झाली, असे म्हणावयास हरकत नाही. जो पुरुष स्वतः बडोद्याच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर पदवीधर झाला आणि ज्याने लंडनमधील विद्यार्थिदशेत रात्रीची भूक पापडावर भागविल्याचे चरित्रकार सांगतात, त्याला या तरतुदीचे मोल समजावून सांगण्याचे कारण नव्हते.

१९५० च्या जूनमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय उघडले, आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. शहराबाहेर, खाम नदीपलीकडच्या माळावर महाविद्यालय का नेले, याची उत्तरे जमिनीची उपलब्धता, विस्तारास वाव, एकांत अशी दिली जातात आणि ती बरोबर आहेत. त्यात आणखी एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. गुलमंडीसारख्या जुन्या वस्तीत दलित विद्यार्थ्याला भाड्याची खोली मिळणे आणि खानावळीत पान मिळणे या दोन्ही गोष्टी त्या काळी दुष्कर होत्या. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने उपाहारगृहात प्रवेश नाकारणे आणि शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहात प्रवेश नाकारणे हे गुन्हे ठरले. परंतु वाड्याच्या माजघरात पाचदहा विद्यार्थ्यांना जेवू घालणारी घरगुती खानावळ ही उपाहारगृह की घर, हा प्रश्न कोणत्या विद्यार्थ्याने न्यायालयात नेला असता? नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहे आणि भोजनगृहे आली याचे महत्त्व येथे आहे. महाविद्यालयाने आपली चूल आपल्याबरोबर नेली. पाणचक्कीच्या आवारात जी जोडणी होती ती नदीच्या पलीकडे नव्या पायावर पुन्हा झाली, आणि यावेळी ती धर्मादायाच्या मर्जीवर उभी नव्हती.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत महाविद्यालये झपाट्याने वाढली. शहरात देवगिरी, मौलाना आझाद आणि सरस्वती भुवन संस्थेचे महाविद्यालय ही त्याच काळातली. सर्व जातींतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत देण्याचे राज्याचे धोरणही याच काळातले. हा निर्णय दूरगामी होता, आणि बहुजन समाजाला महाविद्यालयाची वाट त्याने मोकळी केली. परंतु ती सवलत फीची होती. गेवराईचा किंवा कन्नडचा शेतकऱ्याचा मुलगा फीवाचून महाविद्यालयात आला, आणि जेवणासाठी घरून पीठ-मीठ आणू लागला. खोलीत स्टोव्हवर दोघातिघांनी मिळून शिजविणे, एक डबा दोघांत खाणे, सकाळचे टाळून दुपारी एकदाच जेवणे या युक्त्या त्या पिढीच्या विद्यार्थ्यांना पाठ होत्या. सरकारने फी माफ करणे तुलनेने सोपे असते, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. जेवण रोज शिजवावे लागते.

निर्वाह भत्त्याच्या आकड्यांकडे पाहिले म्हणजे हा भेद डोळ्यांत भरतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या सुधारित दरांनुसार पदवीच्या सर्वसामान्य अभ्यासक्रमात शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास, तो वसतिगृहात राहत असेल तर दरमहा ५७० रुपये आणि नसेल तर ३०० रुपये मिळावयाचे होते. २०२१ मध्ये ही पद्धत बदलून वार्षिक भत्ता ठरविण्यात आला: वसतिगृहवासीयास ६,००० आणि इतरांस ३,००० रुपये. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर वसतिगृहाबाहेरच्या विद्यार्थ्याचा भत्ता अकरा वर्षांत एका रुपयानेही वाढलेला नाही, असा याचा अर्थ होतो. दिवसाला दहा रुपये. ज्याला वसतिगृह मिळत नाही त्याचा खर्च अधिक आणि त्याचा भत्ता कमी, ही विसंगती योजनेत आरंभापासून आहे. वसतिगृहाबाहेरचा विद्यार्थी म्हणजे आईवडिलांच्या घरी जेवणारा विद्यार्थी, हे तिच्यामागचे गृहीत होय. १९४४ मध्ये ते काही अंशी खरे असेल. वसतिगृहांच्या जागा मर्यादित राहिल्या आणि विद्यार्थी कित्येक पटींनी वाढले, तेव्हा ते खोटे ठरले.

हे गृहीत महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ मध्ये मोडले. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेने, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाह यांसाठी थेट बँक खात्यात रक्कम देण्याचे ठरले. मुंबई, पुणे, नागपूर आदी मोठ्या शहरांत वर्षास ६०,००० रुपये, औरंगाबादसारख्या महसुली विभागाच्या शहरांत ५१,००० आणि अन्य ठिकाणी ४३,००० असे दर होते. ५१,००० पैकी २८,००० भोजनासाठी, म्हणजे दहा महिन्यांच्या हिशेबाने महिन्यास २,८००. वर सांगितलेल्या तीनशे रुपयांशी याची तुलना केली तर हा पालट किती मोठा आहे ते कळते. याच सुमारास आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आली, आणि २०२३ मध्ये इतर मागास वर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना मंजूर झाली. माधुकरीपासून येथपर्यंतचा प्रवास पाहता पात्रतेची रेषा एवढ्या थोड्या वर्षांत एवढी कधीच सरकली नव्हती.

मात्र रेषा सरकली म्हणजे पुसली गेली असे नव्हे. स्वाधार योजनेस कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा होती, ती समजण्यासारखी आहे. त्याखेरीज आधीच्या परीक्षेत आरंभी साठ टक्के आणि पुढे पन्नास टक्के गुणांची अट होती. ७५ टक्के हजेरीची अट होती. महाविद्यालय शहराच्या हद्दीपासून पाच किलोमीटरांच्या आत असावे अशी अट होती. आणि विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा अशीही होती. यांतील गुणांची अट विशेष विचार करण्याजोगी आहे. शिष्यवृत्ती हे गुणवत्तेचे पारितोषिक मानले तर गुणांची अट सुसंगत ठरते. भोजनाच्या साहाय्याला ती लावली म्हणजे अठ्ठेचाळीस टक्के मिळविणाऱ्यास भूक कमी लागते असे मानल्यासारखे होते. कदाचित अर्धपोटी राहिल्यामुळेच त्याला अठ्ठेचाळीस टक्के मिळाले असतील. दुसरा बाहेर राहतो तो शहरातलाच गरीब विद्यार्थी. गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांत दुकानात हमाली करणाऱ्याचा मुलगा घरी राहतो म्हणून घरी जेवतो, असे कागद म्हणतो. तिसरी बाहेर राहते ती रोज एस. टी. ने ये-जा करणारी मुलगी. पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्या या मुलीची गणना वसतिगृहात होत नाही, भाड्याच्या खोलीत होत नाही, आणि ज्या वेळी भूक लागते त्या वेळी ती घरीही नसते.

पात्रतेचा हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी सरकारी साहाय्य मिळते; परंतु १९८० च्या सुमारास केलेल्या दुरुस्त्यांनी महाविद्यालयात निदान निम्मा वेळ शिकणारे विद्यार्थी सामान्यतः त्यातून वगळले गेले. आठवड्यास वीस तास नोकरी करणारा, लहान मूल सांभाळणारा असे काही अपवाद तेवढे ठेवले. सुखवस्तू घरची मुले या साहाय्याचा गैरफायदा घेतील ही शंका त्यामागे होती. तेथील संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २०१८ मध्ये दाखवून दिले की, २०१६ साली पात्र ठरू शकणाऱ्या सुमारे ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी ते साहाय्य घेत नव्हते. अपवादांचे जाळे त्यांना उलगडलेच नव्हते. महामारीच्या काळात, डिसेंबर २०२० च्या कायद्याने, पात्रता तात्पुरती वाढविण्यात आली आणि २०२३ मध्ये ती वाढ संपली. वीस तासांच्या अटीकडे पाहून साताऱ्याची आठवण होणे साहजिक आहे, पण दोहोंत फरक आहे. भाऊरावांच्या मुलाला काम संस्थाच देत असे. अमेरिकन विद्यार्थ्याने ते बाजारात शोधून आणावयाचे आणि मग भुकेचा अर्ज करावयाचा.

आपल्याकडील सार्वजनिक अन्नव्यवस्थेत विद्यार्थी कोठे बसतो, हेही पाहावयास हवे. शाळेतील मध्यान्ह भोजन आठवीच्या वर्गापर्यंत मिळते. त्यानंतर विद्यार्थी म्हणून त्याला ताट नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य मिळते, परंतु ते कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर. मुलाचे नाव गावच्या पत्रिकेवर असते आणि त्याचे पाच किलो गावी उचलले जातात. पत्रिका आता अन्य ठिकाणीही चालते. तरीही खोलीमालकाने स्वयंपाकास मनाई केलेल्या विद्यार्थ्याला कच्च्या तांदळाचा उपयोग काय? त्यामुळे आजही ते धान्य पीठ होऊन, भाकरी होऊन, सकाळच्या एस. टी. ने येणाऱ्या डब्यातून शहरात पोहोचते. अन्नसुरक्षेच्या कायद्याने दिलेले धान्य आई आणि वाहक यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यापर्यंत येते, याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

या सर्वांहून वेगळी अशी एक व्यवस्था महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. शिवभोजन केंद्रावर दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, भात आणि वरण मिळे. टाळेबंदीच्या काळात किंमत पाच रुपये झाली आणि २०२१ मध्ये काही महिने थाळी विनामूल्य होती. ती कोणाला द्यावयाची याबाबत जात, गुण, हजेरी, रहिवास यांपैकी काहीच विचारले जात नसे. जो रांगेत उभा राहील तो पात्र. प्रतिदिन थाळ्यांची संख्या ठरलेली असे, त्यामुळे उशिरा येणाऱ्यास परतावे लागे, ही तिची मर्यादा. विद्यार्थ्यांसाठी म्हणून ती योजना नव्हती, तरी शिकवणीच्या वर्गांतून आणि वाचनालयांतून उठून आलेली मुले त्या रांगांत दिसत. तीनशे रुपयांच्या मासिक भत्त्याचा वर दिलेला हिशेब आणि या थाळीची किंमत एकमेकींशी तंतोतंत जुळते. अकरा वर्षांनीही न वाढलेल्या त्या भत्त्यात दिवसाची एक शिवभोजन थाळी येत होती. दुसऱ्या वेळेचे जेवण येत नव्हते.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. स्वाधारसारख्या योजनांची रक्कम हप्त्यांनी येते, आणि ते हप्ते महिनोन्‌महिने उशिरा येतात, कधी वर्ष उलटल्यावर येतात, अशी तक्रार विद्यार्थी संघटनांनी वारंवार केली आहे. समाजकल्याण कार्यालयांवर त्यासाठी मोर्चेही गेले आहेत. धारवाडच्या वसतिगृहात जे घडले तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. फरक असा की संस्थाचालकाची पत्नी आता मध्ये नाही. शासन आणि विद्यार्थी यांच्यामध्ये जी व्यक्ती उभी आहे ती मेस चालविणारी बाई होय. जुन्या शहराच्या गल्लीत दोन खोल्यांत वीस-पंचवीस मुलांचे जेवण करणाऱ्या या बाईकडे वही असते, आणि ज्या मुलाचे पैसे आले नाहीत त्याच्या नावापुढे ती रक्कम मांडून ठेवते. गुलमंडीच्या किराणा दुकानदाराकडे तिची स्वतःची तशीच एक वही असते. हप्ता मंजूर झाल्याची तारीख शासनाच्या दप्तरात मिळते. तोपर्यंतच्या प्रत्येक जेवणाची तारीख या दोन वह्यांत मिळेल, आणि पुढील संशोधकाने त्या पाहाव्यात.